ताक देणाऱ्यानंच लोटकं लपवलं तर

ताई, नमस्कार.

मी माण तालुक्यातला, वय ३८. चाकणला एका कंपनीत बारा वर्षं काढली. चार वर्षांपूर्वी वडील गेले, आई एकटी पडली, म्हणून बायको-मुलीला घेऊन गावी आलो. साडेतीन एकर रान, एक विहीर, दोन म्हशी. विहीर आजोबांनी ७२ च्या दुष्काळात पाडलेली.

शेजारी भावकीतले तात्या आहेत. पासष्टीच्या पुढचे, मुलगा मुंबईला. त्यांचं बोअर आटलं. पहिल्या वर्षी त्यांची ज्वारी पोटरीत आली आणि पाणी संपलं. ते काही बोलले नाहीत, मीच म्हणालो, "तात्या, माझ्या मोटरीवरून घ्या." दोन पाण्यांवर ज्वारी निघाली. दुसऱ्या वर्षी त्यांनी गहू केला. तिसऱ्या वर्षी कांदा. आणि या दिवाळीला, मला न विचारता, तीस गुंठे ऊस लावला.

आता विहीर तळाला लागली आहे आणि माझा एकरभर कांदा रानात आहे. आई म्हणते, पाण्याला नाही म्हणू नये, नाथांनी काशीची कावड गाढवाला पाजली. बायको म्हणते, तुम्हाला नाही म्हणताच येत नाही. टपरीवर एकानं सांगितलं, चार वर्षं पाणी दिलंस, आता त्यांचा हक्क लागला.

गेल्या महिन्यात मी पेटीतला फ्यूज काढून खिशात घातला आणि तात्यांना सांगितलं, स्टार्टर जळलाय. असं पाच दिवस केलं. रात्री लाईट आली की फ्यूज लावून आम्ही आमचा कांदा भिजवायचो. सहाव्या दिवशी तात्या आपल्या बंद बोअरचा स्टार्टर खोलून खांद्यावर घेऊन आले. म्हणाले, "हा लाव, पडूनच आहे." मी म्हणालो, "असू द्या, वायरमन येतोय." त्याच रात्री फ्यूज बसवला. सकाळी त्यांनी विचारलं, "किती घेतले रे त्यानं?" मी तोंडाला येईल ते बोललो, चारशे. त्यांनी दोनशे काढून माझ्या हातावर ठेवले. मी घेतले.

तेव्हापासून झोप नाही. पाणी बंद करू की चालू ठेवू? माझं चुकलं का?

*

भाऊ,

आधी त्या दोनशे रुपयांचं बघू. पाण्याचं नंतर.

तुमच्या पत्राची तीन पानं पाण्यावर आहेत आणि दोनशे रुपये एका ओळीत. तरी झोप उडवली ती त्या एका ओळीनं. तुम्ही पाणी बंद केलंत याचं तुम्हाला तेवढं वाटत नाही, विहीर तुमची आहे, कांदा वाळत होता. पण जो दुरुस्तीला आलाच नाही, त्या वायरमनच्या नावावर तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाकडून अर्धी मजुरी घेतलीत. चुकलं का, असं विचारता. चुकलं. ते तुम्हाला माझ्या आधी माहीत होतं.

आता एक विचारते. पाच दिवस मोटर बंद, आणि कांद्याचे वाफे मात्र ओले. तात्यांचं रान तुमच्या बांधाला लागून आहे. पन्नास वर्षं ज्यांनी रानात पाण्याची दारं धरली त्या माणसाला सकाळी बांधावरून चालताना ओला वाफा आणि कोरडा वाफा यातला फरक दिसला नसेल? मला तरी तसं वाटत नाही. तात्यांना पहिल्या नाही तर दुसऱ्या दिवशी कळलं असणार. मग सहाव्या दिवशी त्यांनी स्टार्टर का आणला? कदाचित खरंच विश्वास ठेवून आणला असेल, भोळी माणसं असतात. पण कदाचित त्यांनी तुम्हाला वाट करून दिली असेल. "हा लाव" म्हणजे, बाबा, तोंडानं खोटं बोललास, आता माझ्या स्टार्टरच्या निमित्तानं ते मिटव. आणि दोनशे रुपये? तेही तसलेच असतील. नाहीतर फुकटच्या पाण्याचं काहीतरी देणं त्यांना कधीपासून द्यायचं असेल आणि तुम्ही कधी मागितलंच नसेल. यातलं खरं काय ते तात्यांनाच ठाऊक. पण तुम्ही समजता तेवढे तात्या अंधारात नाहीत, एवढं धरून चाला. म्हणजे त्यांच्यापुढं जाऊन बोलणं सोपं जाईल. किंवा अवघड जाईल, पण जाल तरी.

माझ्या सासूबाई होत्या तेव्हा आमच्या दारात सकाळी ताकाला बाया यायच्या. खेड्यात ताक विकत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. पण त्या ताक घालताना प्रत्येकीला काहीतरी बोलायच्या. "आज लोटकंभर घे, म्हस आटत आलीया." "उद्या येऊ नको, पाहुणे आहेत." "तुझ्याकडं बाळंतीण आहे ना, मग दोन ने." मला नवी असताना ते फार कोतं वाटायचं. द्यायचं तर मुकाट्यानं द्यावं, मोजून काय द्यायचं! पुढं लक्षात आलं, त्या दारात पंधरा वर्षांत एकही बाई रिकामं भांडं घेऊन तोंड पाडून परत गेली नाही. कारण काय मिळणार आणि कधी नाही मिळणार, हे प्रत्येकीला आदल्या दिवशीच माहीत असायचं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे आपण खूप पाहिलेत. तुम्ही उलटं केलंत. देणारे तुम्ही आणि लोटकं लपवलंत तुम्हीच. घेणाऱ्याला भांड्याचा तळ कधी दिसलाच नाही.

पहिल्या वर्षी "माझ्या मोटरीवरून घ्या" म्हणालात ते चांगलं केलंत. पोटरीतली ज्वारी बघवत नाही. पण त्या वाक्याला पुढं "यंदाच्या ज्वारीपुरतं" एवढं जोडायचं राहिलं. गहू पेरला तेव्हा बोलायची वेळ होती. कांदा लावला तेव्हा तर होतीच. तुम्ही काही बोलला नाहीत, आणि शेतात न बोलण्याचा अर्थ "हो" असा होतो. तात्यांनी न विचारता ऊस लावला, ही त्यांची चूक आहे, ती मी झाकत नाही. ऊस म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचा पाहुणा. दुसऱ्याच्या विहिरीवर ऊस लावताना माणसानं घरी येऊन विचारावं, चहा प्यावा, पुन्हा विचारावं. पण तीन वर्षं ज्या विहिरीनं कधी नाही म्हटलं नाही तिला विचारायची सवय सुटते. ही सवय सोडवण्यात तुमचा हात आहे.

हे मी वरून बोलत नाही. आमच्या खटाव तालुक्यातल्या रानात शेजारच्यांची गाडी आमच्या बांधाच्या आतून जायची. कुणी कधी दिलेली वाट ते ठाऊक नाही, चाललेलं होतं. एका वर्षी त्यांच्या ट्रॅक्टरनं आमच्या कडेच्या चार सऱ्या दाबल्या. मी बोलले नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा. तेव्हाही बोलले नाही, शाळेत बाई म्हणून नोकरी करत होते, भांडण नको, लोक काय म्हणतील. तिसऱ्या वर्षी एक दिवस सकाळी गडी लावून चर खणला. त्या दिवशी त्यांची बटाट्याची काढणी होती, मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर माहीत करून घेतलं नव्हतं. संध्याकाळी आमच्या पडवीतून दिसत होतं, घरचे सगळे डोक्यावरून पोती काढत होते, चर ओलांडून, एकामागून एक, अंधार पडला तरी. एका शब्दानं कुणी बोललं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. अकरा वर्षं झाली. लग्नाची पत्रिका येते, आम्हीही पाठवतो, पण त्यांच्या घरातली बाई संक्रांतीला आमच्या उंबऱ्यात येत नाही. चर बुजवून नऊ वर्षं झाली, तरी.

म्हणून पाणी चालू की बंद, या प्रश्नाआधी मी दुसरं सांगते. जे करायचं ते सांगून, दिवसा, समोरासमोर करा.

पण त्याआधी घरात एक हिशेब आहे. पत्रात तुम्ही लिहिलंत, "रात्री आम्ही आमचा कांदा भिजवायचो." "आम्ही" म्हणजे कोण? तुम्ही मोटरीवर आणि वहिनी वाफ्यात, बॅटरी तोंडात धरून, असंच ना? दिवसाचं पाणी तात्यांच्या उसाला आणि रात्रीचं तुमच्या कांद्याला, म्हणजे चार वर्षं दया तुमची आणि जागरण तिचं. ती म्हणते "तुम्हाला नाही म्हणता येत नाही," तर ते टोमणा म्हणून ऐकू नका, तक्रार म्हणून ऐका. गावात "मन मोठं आहे" असं नाव तुमचं झालं, आणि फुरसं पायाखाली येईल या भीतीनं थंडीत चिखलात उभी राहिली ती. स्वतःच्या वाट्याचं देणं वेगळं आणि घरातल्या दुसऱ्याच्या वाट्याचं न विचारता देणं वेगळं. तात्यांकडं जायच्या आधी तिच्याशी बसा. किती द्यायचं हे दोघांनी ठरवा.

आईंचं म्हणणं मोडीत काढू नका. त्या म्हणतात ते खरंच आहे, फक्त ते पिण्याच्या पाण्याबद्दल आहे. नाथांच्या गोष्टीतलं गाढव वाळवंटात तहानेनं तडफडत होतं. नाथांनी कावड रिती केली. पण त्या गाढवानं दुसऱ्या दिवशी शेजारी तीस गुंठे ऊस लावला असता तर नाथ काय म्हणाले असते, ते गोष्टीत नाही. (तात्यांना गाढव म्हणत नाहीये, आईंना तसं वाचून दाखवू नका.) तहानेला नाही म्हणू नये, यावर आपल्याकडं मोठ्या माणसांनी आयुष्यं लावली आहेत. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जे झालं ते ओंजळभर पाण्यासाठी. तेव्हा तात्यांच्या घरचा हंडा आणि त्यांच्या गोठ्यातली जनावरं, हे पाणी कधीही, कुठल्याही भांडणात तोडायचं नाही. ते आजच आईंना सांगून टाका, त्यांचा जीव शांत होईल. उसाची सरी ही तहान नव्हे. ती पेरलेली इच्छा आहे. तिच्याशी बोलता येतं, घासाघीस करता येते.

टपरीवरच्या वकिलाचं ऐकू नका. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात अशा वापरातून हक्क लागायला वीस वर्षांचा अखंड वापर लागतो, आणि तोही हक्क म्हणून केलेला. तुमच्या परवानगीनं घेतलेल्या पाण्याचा हक्क चार वर्षांत लागत नाही आणि चाळीस वर्षांतही लागत नाही. तेव्हा भीतीपोटी पाणी तोडायचं कारण नाही.

मात्र दुसरी एक गोष्ट बघा, ती टपरीवर कुणी सांगणार नाही. तात्या भावकीतले आहेत आणि विहीर ७२ ची. जुन्या विहिरींत हिस्से असायचे, आठ आणे, चार आणे, दोन आणे, आणि त्या हिश्शावर मोटेच्या पाळ्या ठरायच्या. वाटण्या झाल्या, मोटा गेल्या, इंजिन आलं, मग मोटर आली, आणि ज्याच्या रानात विहीर त्याची ती झाली. वडील गेल्यावर वारसनोंद करताना सातबाऱ्यावर "इतर हक्क" या रकान्यात काय लिहिलंय ते वाचलंत का? नसेल तर वाचा. जुने फेरफारही तहसीलमध्ये अर्ज करून मिळतात. आणि कागदाच्या आधी आईंना विचारा की विहीर पाडताना कोण कोण होतं. त्या दुष्काळात माणसं खडी फोडायला जायची आणि उरलेल्या वेळात एकमेकांच्या विहिरीत उतरायची. तात्या तेव्हा पोरसवदा असतील. त्यांच्या वडिलांनी तुमच्या आजोबांबरोबर पहारी मारल्या असतील, तर तुम्ही चार वर्षं जिला आपली दया म्हणताय ती तात्यांच्या हिशेबात जुनी उसनवारी असू शकते. नसेलही. पण विचारल्याशिवाय बांधावर जाऊन "माझी विहीर" हा शब्द वापरू नका.

आता मापाचं. कंपनीत होतात, मोजायची सवय असेल, तिचा उपयोग करा. गावात सगळे "पाणी कमी झालं" म्हणतात, किती ते कुणी सांगत नाही. एका दोरीला फुटाफुटावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा आणि आठ दिवस रोज संध्याकाळी मोटर बंद झाल्यावर आणि पहाटे सुरू करायच्या आधी दोरी सोडा. रात्रीतून किती चढतं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

तुमची विहीर किती रुंद ते पत्रात नाही. आमची २५ फूट व्यासाची आहे, तीच धरते. तिच्यात एक फूट पाणी म्हणजे जवळजवळ १४ हजार लिटर. एका एकरावर एक इंच पाणी उभं करायला लाखभर लिटर लागतं, म्हणजे विहिरीतलं साडेसात फूट. उसाला सरीनं मोकळं पाणी सोडलं की एका पाळीला तीन इंच कुठंच गेले नाहीत. तीस गुंठ्यांना ते झालं साडेसोळा फूट. तुमच्या एकरभर कांद्याला दोन इंच धरले तरी पंधरा फूट. आमच्या विहिरीला फेब्रुवारीत रात्रीतून पाच-सहा फूट चढतं, एप्रिल सरताना दीड-दोन. तुमचंही साधारण तसंच असेल, तर आत्ता दहा दिवसांत दोघांचं भागतं. एप्रिलच्या शेवटाला दहा दिवसांत सगळे मिळून पंधरा ते वीस फूट येतील. काढणीआधी दोन-तीन आठवडे कांद्याचं पाणी तोडतातच, तेव्हा तुमचा कांदा निघून जाईल, पण त्यानंतर अख्खी विहीर एकट्या उसाची, आणि तुमच्या म्हशींच्या वैरणीला थेंब नाही. हे तोंडी सांगून पटत नाही. तात्यांना दोरी दाखवा. एका पहाटे त्यांनाच सोडायला लावा.

पाण्याचं माप माणसांसमोर काढणं यात कोतेपणा नाही, हे आपल्याच भागातल्या लोकांनी करून दाखवलंय. तुमची विहीर ज्या दुष्काळात पाडली त्याच ७२ च्या दुष्काळानं हादरून विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे इंजिनिअर पुरंदर तालुक्यात नायगावला जाऊन बसले आणि तिथून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम बघा. पाणी जमिनीच्या हिशेबात नाही, घरातल्या डोक्यांच्या हिशेबात. माणशी अर्ध्या एकराचं, घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या गावानं पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवायची पद्धत पाडली, तिथंही ऊस नाही. या गावांतली माणसं आपल्यापेक्षा प्रेमळ आहेत असं मला वाटत नाही. त्यांनी पीक लावायच्या आधी बोलून घेतलं, एवढंच.

तात्यांनी ऊसच का लावला, याचा विचार केलात का? तुम्हाला तो माज वाटला असेल. मला तो थकवा वाटतो. कांद्याला रोप टाका, लागण करा, खुरपा, काढा, काटा, चाळीत भरा, आणि दर पडला की बघत बसा. प्रत्येक कामाला बाया शोधायच्या, चारशे म्हटलं तरी येत नाहीत. पासष्टीच्या माणसाला मुलगा जवळ नसताना हे होत नाही. ऊस एकदा लावला, बांधणी केली की कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते आणि पैसे बँकेत. आपल्याकडं ऊस हे आळशाचं पीक म्हणतात, पण खरं तर ते म्हाताऱ्यांचं पीक झालंय. तेव्हा "ऊस काढून टाका" म्हणायला जाल तर ते ऐकतील "आता तुम्ही शेती सोडा." जपून बोला.

माझ्या मनात येतं ते असं. ऊस अजून गुडघ्याएवढा असेल. वरच्या अंगाचा दहा-बारा गुंठे राखा, बाकीचा एप्रिल-मे मध्ये वैरणीला विका. माणात उन्हाळ्यात हिरव्या वैरणीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, तुमच्याच म्हशींना त्यातला काही घ्या आणि रोख पैसे द्या. राखलेल्या उसाला एकाआड एक सरी पाणी द्या आणि सरीत कुणाचं तरी पाचट आणून अंथरा, पाळी लांबते. ठिबकला अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, अर्ज करून ठेवा, पण पैसे पदरात पडेपर्यंत हा उन्हाळा निघून जाईल, त्यावर बसू नका. खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून फुटणारा दुसरा ऊस, ठेवायचा नाही, हे आत्ताच ठरवा. आणि पुढच्या रब्बीला तात्यांच्या दहा-पंधरा गुंठे ज्वारीला दोन पाणी, एवढा तुमचा शब्द. ज्वारीच. काम कमी, कडबा मिळतो, भाकरीचा प्रश्न मिटतो.

खर्चाचंही बोला. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतंय म्हणून पाणी फुकट आहे असा सगळ्यांचा समज झालाय. मोटर जळली की वायंडिंगचे पैसे कुणाला माफ होत नाहीत. त्यात तात्यांचा वाटा ठरवा, आणि मागायला लाजू नका. जो दोनशे रुपये आपणहून हातावर ठेवतो त्याला देणं जड नाही. फुकट घेणं जड आहे त्याला.

कधीपासून? गुढीपाडव्यापासून. सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं, वाटेकऱ्याचा करार पाडव्याला होतो, पाण्याचाही होऊ द्या. तोवर आहे तसं चालवा. तात्यांनी ऐकलंच नाही, तर पाडव्याला उसाचा व्हॉल्व्ह बंद करा, पण आठ दिवस आधी सांगून आणि त्यांच्या देखत. स्टँपपेपर करू नका, भावकीत स्टँपपेपर आला की माणूस आधी दुखावतो आणि मग वाचतो. तंटामुक्तीवाल्यांकडंही आत्ता जाऊ नका. बोलणं झाल्यावर तात्यांसमोर कॅलेंडरवर पेनानं लिहा, पुरे.

गाव काय म्हणेल, हीही भीती असेल तुम्हाला. "पुण्याहून आला, पैशाचा झाला" असं म्हणेल. पुढच्या बाजारापर्यंत. मग दुसऱ्या कुणाची सून पळेल किंवा कुणाचा बैल मरेल.

तात्यांकडं सकाळी जाऊ नका, सकाळी माणूस घाईत असतो. दिवस कलताना जा, धार काढून झाल्यावर. एकटे जा. मोबाईलवर तर मुळीच बोलू नका. पहिलं वाक्य पाण्याचं नको. "तात्या, स्टार्टर जळला नव्हता. फ्यूज मी काढला होता. वायरमनही आला नव्हता." एवढं बोला आणि थांबा. कारणं देऊ नका, कांदा वाळत होता वगैरे. ते म्हणतील "ठाऊक आहे मला," किंवा गप्प बसतील, किंवा रागावतील. रागावले तर त्या दिवशी पाण्याचं काढू नका, चहा आला तर पिऊन परत या आणि दोन दिवसांनी दोरी घेऊन पुन्हा जा.

दोनशे रुपये सुटे न्या. आणि तात्यांचा तो स्टार्टर, मला वाटतं तो अजून तुमच्याच मोटारघरात कोपऱ्यात पडलेला असेल, तोही न्या. गाडीवर घालून नको. जसा आणला होता तसा, खांद्यावरून.